टँकरानं पाळलेलं व्रत

मी बोलतोय, खालच्या वाड्यावरचा पाण्याचा टँकर. देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याला फणसाखाली जे तांबडं, गंजलेलं धूड उभं दिसतं, तोच मी. डिचोलीहून येणारी माणसं मला पाहून म्हणतात, हे भंगारात का देत नाहीत? का देत नाहीत ते सांगायलाच आज तोंड उघडलंय. एरवी आम्हा गाड्यांनी तोंड उघडायचं म्हणजे बॉनेट उघडावं लागतं, आणि ते उघडलं की लोक हमखास काहीतरी काढून नेतात.

जन्मलो तेव्हा मी टँकर नव्हतो. कारखान्यातून निघालो तो नुसता सांगाडा होतो. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस्स. टप नाही, दार नाही, काच नाही. लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून एका माणसानं मला घाट उतरवला आणि गोव्यात आणलं. पोर्तुगीज जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. डिचोलीच्या एका गॅरेजात सुतारानं माझी केबिन बांधली, लोहारानं मागे माती ओतायचा हौदा बसवला आणि पेंटरनं कपाळावर पिवळ्या रंगात 'आई सातेरी प्रसन्न' असं लिहिलं. मला वाटलं, झालं, आता आपण बोहल्यावर उभे.

लग्न लागलं ते खाणीशी. डोंगर फोडून निघालेली तांबडी खनिज माती पाठीवर घ्यायची, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायची आणि उलट पावली परत यायचं. धक्क्यावर बार्ज वाट पाहत असायच्या. त्या माल घेऊन मुरगावला जायच्या आणि तिथून जहाजं जपानला. माझ्या पाठीवरून केवढा डोंगर गेला असेल, देव जाणे. तिकडे त्याच्या मोटारी झाल्या म्हणे. म्हणजे गेला तो नात्यागोत्यातच गेला, एवढंच समाधान.

माझा ड्रायव्हर यशवंत. दोडामार्गाकडचा, हद्दीपलीकडचा मालवणी माणूस. खाणीवर काम मिळतं म्हणून आला आणि इथलाच झाला. गिअर बदलताना माझ्याशी बोलायचा. चढावर "चल रे माज्या राज्या" म्हणायचा आणि उतारावर जे म्हणायचा ते इथं सांगण्याजोगं नाही. कंपनीनं त्याला कॉलनीत दोन खोल्या दिल्या होत्या. जानकी लग्न होऊन त्या खोल्यांत आली तेव्हा तिला धक्क्यावरून घरी आणायचा मानही माझाच. नवरीची ट्रंक माझ्या हौद्यात होती. उघडली तेव्हा सगळे शालू तांबडेच निघाले.

कॉलनी म्हणजे एक वेगळंच गाव होतं. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, धान्याचं भांडार कंपनीचं. भोंगाही कंपनीचाच, आणि तो वाजला की कॉलनीतली कुत्रीसुद्धा कामावर निघाल्यासारखी उठायची. डोंगराखालच्या खालच्या वाड्याची मुलंही त्याच शाळेत यायची. वाड्याच्या जत्रेत नाटक बसलं की पडदे आणि दिवे खाणीवरून जायचे. कंपनी म्हणजे नेमकं कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. चहाच्या गाड्यावर तिला शिव्या बसायच्या आणि पोर तापानं फणफणलं की तिच्याच दवाखान्यापुढे रांग लागायची. दोन्ही खरं होतं.

पुढे नव्या दांडग्या गाड्या आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. माझा हौदा उचलायचा जॅक थकला होता. गॅरेजचा मुकादम रघुनाथ माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ही आतां मोडीक." एवढ्या वर्षांच्या चाकरीवर दोन शब्दांत बोळा फिरला. मी यशवंताकडे पाहिलं, पण तो माझ्याकडे बघेना.

तेव्हा मला वाचवलं मालतीबाईंनी. त्या कंपनीच्या कल्याण अधिकारी. म्हापशाच्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि कुणाशी बोलताना आधी ऐकून घ्यायची सवय. साहेब लोकांत ही सवय तशी दुर्मीळच. खाण जसजशी खोल जात होती तसं आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तिच्या खड्ड्यात उतरत होतं. तिथून पंप ते उपसून ओढ्यात सोडायचे, आणि खालच्या वाड्याची विहीर चैत्रातच तळ दाखवायची. वाड्याला पाणी पुरवायला कंपनी कबूल झाली होती, पण नवी गाडी घ्यायला मात्र तयार नव्हती.

"रघुनाथबाब, हिका मोडीक घालूं नाकात," मालतीबाई म्हणाल्या. "हिचेर टाकी बसयात."

माझा हौदा गेला आणि पाठीवर लोखंडी टाकी आली. तिच्यावर कंपनीच्या नावाचा निळा बोर्ड लागला. पहिल्या दिवशी पाणी भरलं तेव्हा मी लटपटलोच. माती कशी निमूट बसून राहते. पाणी वळणावर डचमळतं, ब्रेक मारला की पुढे धावतं. यशवंताला गाडी हाकायला नव्यानं शिकावं लागलं. पण वाड्यात शिरलो आणि बायका कळश्या, बालद्या घेऊन धावत आल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपली कुणी वाट पाहतं म्हणजे काय. माती नेत होतो तेव्हा धुळीला वैतागून लोक मला बघून खिडक्या लावून घ्यायचे.

त्या वर्षांत मराठी की कोकणी यावरून सगळा गोवा तापला होता. बाजारात मोर्चे, देवळात वाद, एका घरातल्या दोन भावांत अबोला. माझ्या तोटीपुढे मात्र कमलाक्षीबाय कोकणीत भांडायच्या, यशवंत मालवणीत उत्तर द्यायचा, मुलं शाळेतल्या मराठी कविता घोकत उभी असायची आणि सगळ्यांचं सगळ्यांना कळायचं. "यशवंत, आयज कळाव केलो तुवें. न्हिदिल्लो?" असं उशीर झाल्याबद्दल कमलाक्षीबायनं विचारलं की यशवंत म्हणायचा, "निजान कसो गे, तू सपनात येवन भांडतंस." मग रांगेत हशा पिकायचा.

कमलाक्षीबायचे यजमान म्हणजे शंभूबाब. थोडी भातशेती, चार माड, आणि वाड्यातल्या धोंडांत सगळ्यांत वडील. धोंड कोण ते सांगतो. इथल्या देवीच्या जत्रेला वैशाखात जे व्रत धरून जातात, ते धोंड. जत्रेआधी पाच दिवस ते घर सोडतात. विहिरीकाठी माडाच्या चुडतांचा मांडव घालून एकत्र राहतात, स्वतः रांधतात, न्हाल्याशिवाय घास घेत नाहीत आणि मासळीचं नावही काढत नाहीत. हातात रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली बेतकाठी, म्हणजे वेताची काठी असते. शेवटी देवीच्या दारी निखाऱ्यांवरून चालायचं. खालच्या वाड्याचा मांडव पिढ्यान्‌पिढ्या त्या एकाच विहिरीकाठी पडत आला होता.

आणि नेमक्या त्या वर्षी विहीर पार कोरडी पडली. गोवा घटक राज्य व्हायच्या महिनाभर आधीची ही गोष्ट.

शंभूबाब आदल्या पावसाळ्यात माडावरून पडले होते. कंबर बसली होती. काठी टेकून विहिरीपर्यंत येत, तेवढंच. निखाऱ्यांवर चालणं आता त्यांच्या नशिबात नव्हतं. म्हणून आपली बेतकाठी या वर्षी मुलाला, सुदेशला द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. सुदेश खाणीच्या गॅरेजात फिटर होता. विहिरीत पाणी नाही तर मांडव नाही. सुदेश आणि बाकीचे शेजारच्या गावातल्या नदीकाठी जाऊन व्रत करू शकले असते, पण शंभूबाब तिथवर जाणार कसे? म्हणजे सुदेशला काठी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून घ्यावी लागणार. आणि एकदा मोडलेला मांडव पुन्हा उभा राहत नाही, हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

मालतीबाई मुद्दाम भेटायला आल्या. मी विहिरीशेजारीच उभा होतो.

"शंभूबाब, टाकी घासून, धुवून देते. नवी नळी लावते. पाच दिवस हवं तेवढं पाणी घ्या."

शंभूबाब कठड्यावर बसले होते. म्हणाले, "बाये, तुजें उदक वर्सभर पितांव. उपकार विसरूंक नात. पूण वरताक नळयेचें उदक चलना. कळशी बांयत देंवूंक जाय."

"मग काय करायचं?"

"तेंच कळना." एवढं बोलून ते कोरड्या विहिरीत बघत बसले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मालतीबाईंना उत्तर सापडलं असतं.

यशवंत माझ्या चाकाला टेकून विडी ओढत होता. तो म्हणाला, "कळशी बावीत उतरूची असा ना? मगे पाणीच बावीत घालूया."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. शंभूबाबांनी बराच विचार केला, हनुवटी खाजवली आणि मान हलवली. बांयत पडलं म्हणजे ते बांयचंच झालं, असं त्यांचं मत पडलं. कमलाक्षीबाय म्हणाल्या, "येदी बुद्द आसून तूं गाडी धांवडायता?" यशवंताची छाती वीतभर फुगली. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. संध्याकाळपर्यंत एक खेप आणून विहिरीत सोडायची असं ठरलं, म्हणजे गाळ तळाला बसेल आणि व्रत बसायच्या आत पाणी निवळेल.

पण बुधवार म्हणजे डिचोलीचा बाजार, आणि तो महिना पुरुमेंताचा. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी वैशाखातच करून ठेवतात. मिरच्या, सोलं, मीठ आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे सुकी मासळी. जानकीनं सकाळीच बजावलं होतं, "ओ, येताना सुकट घेवन येवा. गेल्या पावसात तुमीच जेवणावर रुसून बसलेलास." यशवंतानं पाणी भरलं, वाटेत बाजारात थांबला आणि जानकीसाठी, शेजारणीसाठी, शेजारणीच्या बहिणीसाठी अशी मासळी घेतली. केबिन पिशव्यांनी भरली. सुकटीची टोपली उरली, ती त्यानं माझ्या पाठीवर टाकीच्या झाकणाशी सुंभानं बांधली.

झाकण नीट बसलेलं नव्हतं. खाणीचा रस्ता कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या खड्ड्यात टोपली कलंडली, दुसऱ्यात उघडी पडली. मला सगळं कळत होतं. पण सांगणार कुणाला? बॉनेट बंद होतं.

वाड्यावर सगळी मंडळी जमली होती. यशवंतानं तोटी उघडली, पाणी धो धो विहिरीत पडलं. कोरड्या दगडांना पाणी लागल्याचा तो वास आला आणि मागोमाग दुसरा वास आला. पाण्यावर तांबूस सुकट तरंगत होती.

शंभूबाब काठीवर रेलून वाकले. "हें खारें," सुकी मासळी ओळखून ते म्हणाले, आणि घराकडे चालू लागले.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एक तरणा धोंड पुटपुटला, "भायल्याक कितें कळटलें?" भायलो म्हणजे बाहेरचा. यशवंतानं ते ऐकलं. त्याची सगळी तरुणाई या डोंगरावर गेली होती, त्याची पोरं इथल्या शाळेत शिकली होती. तो डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला, एवढंच. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की माझ्या रेडिएटरातून पाणी गळू लागलं. रघुनाथ म्हणेल तो पाइप सुटला होता, म्हणू दे.

बोलल्या त्या कमलाक्षीबाय. त्या तरण्याकडे न बघता त्यांनी पाठमोऱ्या नवऱ्यालाच गाठलं.

"वर्सभर ताच्या हाताचें उदक पिलें, तेन्ना तो भायलो नासलो. आतां सुकट पडलें म्हणून भायलो? फाल्यां तूंय खारेंच मागतलो न्ही जेवणाक?"

शंभूबाब थांबले. हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत लपवलं. मग हळूहळू परत आले आणि यशवंतासमोर उभे राहिले.

"परत हाडशी उदक?"

"हाडतलंय. म्हणशात तितक्या वेळा हाडतलंय."

"जाल्यार आयक. वरताचें उदक हाडपी मनशानय वरत पाळूंक जाय. पांच दीस. शिवराक. पांयांत चपल ना. घरा वचप ना." आणि काठीनं माझ्या चाकावर टकटक केली. "हिणेंय पाळूंक जाय. हीं पांच दीस हिचेर दुसरें कांयच ना."

यशवंतासारख्या माणसाला पाच दिवस शिवराक, म्हणजे मासळीवाचून राहा म्हणणं म्हणजे माशालाच पाण्यातून बाहेर ये म्हणण्यासारखं. जानकी सांगायची, गणपतीतसुद्धा हा दिवस मोजतो. पण तो लगेच म्हणाला, "पाळतंय."

माझं व्रत मात्र माझ्या हातात नव्हतं. मी पडलो कंपनीचा. वाड्याला पाणी दिल्यावर उरलेला दिवस मी खाणीच्या रस्त्यावर पाणी शिंपडायचो, म्हणजे धूळ बसायची. आणि पावसाच्या तोंडावर तर माल बंदराला लावायची घाई. मालतीबाई व्यवस्थापकांकडे, कृष्णनाथसाहेबांकडे गेल्या. मी कचेरीच्या खिडकीखालीच उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"पाच दिवस गाडी तिथंच उभी?" साहेब म्हणाले. "रस्त्यावर पाणी कोण मारणार?"

"एखादी जुनी गाडी लावा. धूळ पाच दिवस सोसता येईल. तो मांडव मोडला तर पुन्हा उभा राहणार नाही."

साहेब पेडण्याचे, इब्रामपूरकडच्या शेतकरी घरातले. "आमच्या गावात असं काही मोडलं असतं तर माझ्या बापानं कुणाला सोडलं नसतं," ते म्हणाले. "बरं. देतो. टाकीवर कंपनीचा बोर्ड आहे ना नीट? जत्रेला लोक येतात, दिसू दे."

"बोर्ड काढायचाय, साहेब."

"काढायचाय? का?"

"पाच दिवस गाडी त्यांची आहे. आपलं नाव लावून कुणी व्रत पाळत नाही."

साहेब हसले का रागावले ते खिडकीखालून दिसलं नाही. पण दुपारी रघुनाथ स्वतः पाना घेऊन आला आणि त्यानं बोर्ड उतरवला. त्याच्या नटबोल्टांना गंज चढला होता. सुटताना मला जरा दुखलं, पण मग पाठ मोकळी वाटली.

विहिरीतलं ते सुकटीचं पाणी वाड्यानं उपसून माडांच्या मुळांत घातलं. माडांची तक्रार नव्हती. त्या वर्षी नारळ चांगले लागले म्हणतात. सुदेश आणि यशवंत माझ्या टाकीत उतरले आणि त्यांनी चिंच नि नारळाची सोडणं घेऊन ती आतून घासली. आत दोघांचे आवाज घुमत होते. "यशवंतदादा, तुमकां शिवराक जमतलें?" सुदेशनं विचारलं. "जमूकच व्हया," यशवंत म्हणाला. "तुज्या बापाशीन माज्या हाताचा पाणी घेवचा म्हटल्यान. आणि काय व्हया माका?"

मग ते पाच दिवस. माझ्या गळ्यात आंब्याचे डहाळे बांधले होते. यशवंत पहाटे न्हायचा, ओल्या अंगानं गाडीत बसायचा आणि डोंगरापलीकडच्या झरीवरून पाणी भरून आणायचा. इतक्या वर्षांत त्याचा उघडा तळवा पहिल्यांदाच माझ्या क्लचला लागत होता. वैशाखातलं लोखंड तापलेलं, पाय पोळत असणार. पण गिअर एकदाही खरखरला नाही. रबरी नळी काढून ठेवली होती. पोफळीचं खोड मधून चिरून त्याचा पाट केला होता. तोटीतून पाणी त्या पाटात, पाटातून विहिरीत. पाणी पडून शांत झालं की धोंड कळश्या सोडायचे.

विहिरीच्या पाण्याची चव बदलली असेल, नसेल. वर्षभर मी तेच पाणी आणत होतो. पण माझ्या तोटीखाली कळशी धरणारी माणसं आणि विहिरीतून कळशी ओढणारी माणसं, यांच्या पाठीच्या कण्यात फरक होता. मालतीबाईंनीही तो पाहिला असावा. एक दिवस त्या लांब उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. जवळ आल्या नाहीत, आणि बरोबर फोटो काढणाराही आणला नव्हता. त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

जानकी दुपारी यायची आणि मांडवाबाहेरून विचारायची, "ओ, जेवलात?"

"जेवलंय."

"काय होता?"

"मुगाची आमटी नि भात."

"उतरता गळ्याखाली?"

"उतरता मगे. तू काय जेवलंस?"

"मुगाचीच आमटी," जानकी म्हणायची आणि वळून चालू लागायची. तिला कुणी व्रत सांगितलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी शंभूबाबांना दोघांनी धरून आणलं. सुदेशनं विहिरीतून कळशी काढली आणि बापाच्या डोक्यावर ओतली. मग शंभूबाबांनी आपली बेतकाठी दोन्ही हातांनी धरली. गोंड्यांचे रंग उडाले होते, मूठ हाताच्या घामानं काळी झाली होती. "म्हज्या बापायन हांगाच दिल्ली," ते म्हणाले. "हांव हांगाच दितां." सुदेश खाली वाकला तो लवकर उठेचना. कमलाक्षीबाय लांबून बघत होत्या. पदर डोळ्यांना लावला नाही, तोंडात धरला.

ढोल वाजू लागले. धोंड नाचत नाचत वाटेला लागले आणि मांडव रिकामा झाला. मागे राहिलो आम्ही तिघं. शंभूबाब, यशवंत आणि मी. शंभूबाबांना बसायला कठडा टोचत होता म्हणून यशवंतानं त्यांना उचलून माझ्या पायरीवर बसवलं. ढोल ऐकू येईनासे झाले.

"यशवंत," शंभूबाब म्हणाले, "हो टँकर आतां आमचो धोंड."

"आणि मिया?"

"तूं फाल्यां आमगेर जेवूंक यो. कमलाक्षी नुस्तें करतली."

पाच दिवसांनी मासळीचं नाव ऐकून यशवंत हसला. हसता हसता त्यानं टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला तेव्हा हॉर्न वाजवता आला असता तर मी वाजवला असता.

महिन्याभरानं गोवा घटक राज्य झालं. शाळेत झेंडा लागला, मुलांना पेढे मिळाले. पुढे सरकारी नळ वाड्यात आला. वरच्या अंगाची ती खाण संपली, पंप बंद झाले, खड्डा पाण्यानं भरून त्याचं तळं झालं आणि एका वैशाखात वाड्याच्या विहिरीला आपलं स्वतःचं पाणी आलं. यशवंत निवृत्त होऊन जानकीबरोबर दोडामार्गाकडे गेला. मला मोडीत काढायचा दिवस पुन्हा आला, तेव्हा मालतीबाईंनी कृष्णनाथसाहेबांना एवढंच म्हटलं, "तो आता आपला नाही." कागद कसे झाले ते मला ठाऊक नाही. मला वाड्याच्या हवाली केलं गेलं.

तर आता माझी स्थिती अशी. इंजिन सुरू होत नाही. कपाळावरची सातेरीच्या नावातली अक्षरं अर्धी गेली. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालतात, आणि ती सापडत नाहीत म्हणून बायका मलाच बोल लावतात. पण कोकणात ज्याला मान म्हणतात, तो मला आहे. देवळात कुणाचा मान नारळाचा असतो, कुणाचा पहिल्या निशाणाचा, आणि त्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात. माझा मान असा की व्रत बसायच्या दिवशी विहिरीत पहिलं पाणी माझ्या तोटीतून पडायचं. विहीर तुडुंब भरलेली असली तरी. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यानं विचारलं, या लोखंडाला कशाला ओढता? सुदेश म्हणाला, "मान आसा ताचो," आणि खांदा लावून उभा राहिला. शंभूबाब आता खाटेवरून उठत नाहीत, पण पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला का, असं त्या दिवशी विचारतात.

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या दारी कधी पाण्याची गाडी आली, तर आपली भांडी पुढे करायच्या आधी तिच्या ड्रायव्हरला विचारा, बाबा, तू पाणी प्यालास का? आमच्या वाड्यावर हे कुणी शिकवावं लागलं नाही, आणि म्हणून माझं आयुष्य सोन्याचं झालं. ज्यांनी मला मोडीतून सोडवलं, ज्यांनी माझ्या पाठीवरचं नाव उतरवून मला आपलं म्हटलं, त्या सगळ्यांचं भलं होवो.

या वैशाखात यशवंत आला होता. केस पांढरे, पाय उघडे, आदल्या दिवसापासून मासळी बंद. कमलाक्षीबायनं एक कळशी पाणी माझ्या टाकीत ओतलं आणि पोरांनी मला ढकलायला सुरुवात केली. चार पावलं जातो न जातो तोच टाकीच्या बुडातून धार लागली. गंजून भोक पडलं होतं. एक पोर साबणाची वडी आणायला धावलं. भोकात साबण कोंबला की गळती थांबते. यशवंत स्टिअरिंगवरून म्हणाला, "साबण नको रे. वरताचा पाणी असा."

सगळे घुटमळले. तेव्हा कमलाक्षीबाय पुढे आल्या. या वयात वाकणंही त्यांना जड जातं. त्यांनी तळवा भोकावर दाबून धरला, म्हणाल्या, "चलात," आणि विहिरीपर्यंत तशाच वाकून माझ्याबरोबर चालत आल्या.